सिग्नल: न साठवलेल्या माहितीचा भरवसा

मेसेजिंगचे कोणतेही ॲप पारखताना मी त्याचे गोपनीयता धोरण आता सर्वांत शेवटी वाचते. त्याआधी मला एवढेच जाणून घ्यायचे असते की, उद्या न्यायालयाचा आदेश घेऊन कोणी या कंपनीच्या दारात उभे राहिले, तर तिच्यापाशी देण्यासारखे काय असेल? सिग्नलच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. २०१६ च्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) चौकशीसाठी, तेव्हा हे ॲप चालवणाऱ्या ओपन व्हिस्पर सिस्टिम्सकडे दोन फोन क्रमांकांविषयीची माहिती मागण्यात आली होती. त्यांपैकी ज्या क्रमांकावर खाते होते, त्याच्याविषयी संस्थेला दोनच गोष्टी देता आल्या: खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कधी जोडले गेले. संपर्कांची यादी, गटांची नावे, कोणाशी किती वेळा बोलणे झाले याची नोंद, यांतले काहीच तिच्याकडे नव्हते. सुरुवातीला या प्रकरणावर वाच्यता करण्यास मनाई होती. ती कायदेशीर मार्गाने उठवून घेतल्यानंतर संस्थेने ही कागदपत्रे स्वतःच प्रसिद्ध केली. चार वर्षे रोज वापरल्यानंतरही सिग्नलविषयीचा माझा विश्वास प्रामुख्याने या दोन नोंदींवर उभा आहे.

मजकूर कुलूपबंद असणे, म्हणजेच एन्क्रिप्शन, ही आता दुर्मीळ बाब राहिलेली नाही. सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे कुलूप लावण्याची ठरलेली पद्धत, व्हॉट्सॲपनेही स्वीकारला आणि २०१६ मध्ये तो आपल्या सर्व वापरकर्त्यांसाठी लागू केला. खरा फरक पडतो तो मजकुराभोवतीच्या माहितीत, म्हणजे कोणी कोणाला, कधी आणि किती वेळा लिहिले यात. एखादा कर्मचारी आठवडाभर रोज रात्री एका पत्रकाराशी बोलतो आणि आठव्या दिवशी सकाळी वकिलाला फोन करतो, एवढे ज्याला कळले त्याला त्यांच्यातले एक वाक्यही वाचण्याची गरज उरत नाही. सिग्नलने २०१८ पासून लिफाफ्यावरचे पाठवणाऱ्याचे नावही आत घातले: मेसेज कोणाकडे पोहोचवायचा हे सर्व्हरला कळते, पण तो कोणी पाठवला हे त्या लिफाफ्यावर वाचता येत नाही. गटातील सदस्यांची यादीही सर्व्हरवर कुलूपबंद अवस्थेतच असते. आपल्या फोनमधल्या संपर्कांपैकी कोण सिग्नलवर आहे हे शोधण्याची पद्धत मात्र मला थोडी खटकते. ती इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नावाच्या बंदिस्त कप्प्यावर अवलंबून आहे, आणि त्या कप्प्याला भेगा पडू शकतात हे संशोधकांनी २०१८ पासून एकाहून अधिक वेळा दाखवून दिले आहे. संपर्क वाचण्याची परवानगी न देताही ॲप चालते, आणि मी ती दिलेली नाही.

मी इतकी काटेकोर का झाले, हेही सांगायला हवे. याआधी मी मेसेजिंगची दुसरी एक सेवा अनेक वर्षे वापरत होते. एके दिवशी सकाळी पडद्यावर नव्या अटी आल्या आणि खाली ‘सहमत’ असे एकच बटण होते. सहमत व्हायचे नसेल, तर खाते सोडणे एवढाच मार्ग उरला होता. अटी मी पूर्ण वाचल्या. ज्या वचनाच्या भरवशावर मी तिथे इतकी वर्षे लिहीत आले होते, ते वचन कंपनीला एकतर्फी बदलता येत होते आणि मधल्या काळात जमलेली माहिती तिच्याचकडे होती. संमती या शब्दाला कायद्यात मोठे वजन आहे. परंतु नाकारण्याची खरी सोय नसेल, तर त्या बटणाला संमती म्हणणे मला पटत नाही.

सिग्नलमध्ये विश्वासाची पडताळणी वापरकर्त्याला स्वतः करता येते, हा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. प्रत्येक संभाषणाला साठ अंकांचा एक सुरक्षा क्रमांक असतो; तो दोन्ही फोनांवर सारखाच दिसला, तर संभाषणात मध्ये कोणी शिरलेले नाही. बहिणीने नवा फोन घेतला तेव्हा आमच्या संभाषणात ‘सुरक्षा क्रमांक बदलला आहे’ अशी ओळ आली. साध्या फोनवर तिने तो क्रमांक पाच-पाच अंकांच्या बारा गटांत वाचून दाखवला आणि मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेले. आठव्या गटावर ती अडखळली, तेव्हा आम्ही तो गट पुन्हा वाचला. सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली, आणि मध्ये तिसरे कोणी नाही याची खात्री आम्हा दोघींना कोणाच्याही शब्दावर न विसंबता करून घेता आली. बहुतेक लोक हे करत नाहीत, हेही खरे आहे. माझ्या स्वतःच्या संपर्कांपैकी जेमतेम चौघांशी मी हा क्रमांक जुळवला आहे. बदलाची ती ओळ लोक वाचतात आणि पुढे लिहू लागतात.

त्रुटींमध्ये सर्वांत मोठी आहे ती फोन क्रमांकाची सक्ती. फेब्रुवारी २०२४ मध्ये वापरकर्तानावांची सोय आली आणि आपला क्रमांक समोरच्यापासून लपवता येऊ लागला, ही सुधारणा चांगली आहे, पण खाते उघडायला क्रमांक लागतोच. जिथे सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, तिथे निनावी राहण्याची शक्यता पहिल्याच पायरीवर संपते. शिवाय पडताळणीचे एसएमएस बाहेरच्या कंपनीमार्फत जातात. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा एका कंपनीत झालेल्या घुसखोरीमुळे सिग्नलच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे क्रमांक उघड झाले. मेसेज सुरक्षित राहिले, तरी ज्याला आपण सिग्नलवर आहोत हेच कळू द्यायचे नव्हते, त्याचे नुकसान व्हायचे ते झाले. ‘रजिस्ट्रेशन लॉक’ ही सोय प्रत्येकाने चालू करावी, असे मी म्हणते ते याच कारणाने. ती चालू असेल, तर नुसत्या एसएमएसच्या जोरावर आपले खाते दुसऱ्याला ताब्यात घेता येत नाही.

दुसरी तक्रार पारदर्शकतेविषयी आहे. सिग्नलचा सोर्सकोड, म्हणजे ॲप ज्यावर चालते तो मूळ प्रोग्रॅम, सर्वांना पाहता येतो, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो आणि तो रास्तही आहे. तरीही एप्रिल २०२० पासून जवळजवळ वर्षभर सर्व्हरचा सार्वजनिक कोड अद्ययावत केला गेला नव्हता, आणि तो पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हाच मोबाइलकॉइन या क्रिप्टोचलनातून पैसे पाठवण्याची सोयही समोर आली. मेसेजची सुरक्षितता सर्व्हरवर अवलंबून नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण जी संस्था ‘आमच्यावर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा’ अशी भूमिका घेते, तिने तपासण्याची वस्तू वर्षभर अडवून ठेवणे योग्य नव्हते.

आता कायद्याकडे वळते. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या मेसेजिंग सेवांनी मजकुराचा पहिला प्रेषक शोधून देण्याची अट आहे. युरोपीय आयोगाने मे २०२२ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात आणि ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात, बालकांच्या शोषणाचा मजकूर शोधण्यासाठी खासगी मेसेज तपासण्याची तरतूद आहे. तसे करण्यासाठी एन्क्रिप्शन कमकुवत करावे लागले, तर तो देश सोडू, अशी भूमिका सिग्नलच्या अध्यक्ष मेरेडिथ व्हिटेकर यांनी जाहीरपणे घेतली आहे. या कायद्यांमागची चिंता खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बालकांवरील अत्याचार ही भयंकर गोष्ट आहे आणि त्यावर उपाय मागणाऱ्यांना गप्प बसवणे अन्यायाचे ठरेल. माझा आक्षेप साधनाला आहे. मेसेज कुलूपबंद होण्याआधीच फोनमध्ये तो एका यादीशी ताडून पाहायचा, असा उपाय सुचवला जातो. ती यादी वापरकर्त्याला दिसत नाही आणि तिच्यात उद्या काय भरले गेले, हे त्याला तपासता येत नाही. आज एका गुन्ह्यासाठी बसवलेली ही यंत्रणा उद्या दुसऱ्या कशासाठी वळवायची झाली, तर सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदलावे लागत नाही, यादी बदलली की पुरते. हे ज्यांच्या हाती असेल ते आज सज्जन आहेत, एवढ्यावर मी माझा पत्रव्यवहार सोपवू शकत नाही.

सिग्नल कोणत्या गोष्टीपासून वाचवत नाही, हेही नीट समजून घ्यावे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सिग्नलवरील गटात एक पत्रकार चुकून जोडला गेला, तेव्हा एन्क्रिप्शन नेमून दिलेले काम चोख करत होते. गटात कोण आहे, हे पाहणे माणसांचेच काम आहे.

काहीच न साठवणाऱ्या सेवेची किंमत वापरकर्त्यालाही मोजावी लागते, आणि ती मला आईच्या फोनवर दिसली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिग्नलने सुरक्षित बॅकअप आणायला सुरुवात केली: मजकूर आणि मागच्या ४५ दिवसांची छायाचित्रे विनामूल्य, त्याहून जुन्या छायाचित्रांसाठी महिना १.९९ डॉलर. हा बॅकअप ६४ अक्षरांच्या एका किल्लीने उघडतो, आणि ती हरवली तर सिग्नललाही काही करता येत नाही. मी एकेक अक्षर वाचत गेले आणि आईने ते वहीत लिहून घेतले. मग तिने वाचले आणि मी पडद्यावर तपासले. लिहून झाल्यावर तिने विचारले, “आणि ही वही हरवली, तर?” मी म्हटले, “मग कोणाकडेच नाही गं, त्यांच्याकडेही नाही.” तिने दुसऱ्या वहीत पुन्हा सगळी ६४ अक्षरे उतरवली आणि ती वही वेगळ्या कपाटात ठेवली.

छायाचित्रांसाठीचा सशुल्क बॅकअप मी अजून घेतलेला नाही, पण दरमहा देणगी देते. व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांच्या ५ कोटी डॉलरच्या निधीतून २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०२५ पर्यंत वर्षाचा खर्चच सुमारे ५ कोटी डॉलर होईल, असा अंदाज तिने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडला होता. जाहिराती नाहीत आणि विकायला माहिती नाही, तेव्हा हा पैसा वापरणाऱ्यांकडूनच यावा लागेल. त्या हिशेबात नोंदणीच्या पडताळणीसाठी वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर लागत होते. फोन क्रमांकाची सक्ती उठवली, तर हा खर्चही वाचेल आणि वर लिहिलेली मोठी तक्रारही मिटेल, असे मी देणगीबरोबर दोनदा लिहून कळवले आहे.