इंदिरा गांधींवर प्रकल्प: आणीबाणी की बँकांचं राष्ट्रीयीकरण?

अकरावीतल्या भाचीला इंदिराबाईंचं अख्खं चरित्र प्रकल्पात घ्यायचंय. ते मावणार नाही. एकच निर्णय निवडावा.

साधनं आणीबाणीवर (१९७५-७७) भरपूर: आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे अहवाल, आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. खन्ना यांचा भिन्नमताचा निकाल, कराडच्या साहित्य संमेलनातली लेखिका दुर्गाबाई भागवतांची आणीबाणीविरोधी ठाम भूमिका. शिवाय तेव्हा तुरुंगात गेलेली माणसं अजून भेटतात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. १९६९च्या १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणावर मुख्यतः अध्यादेश, आकडे आणि १९७०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

वेळ बँकांना कमी लागतो. आणीबाणी पसरते, म्हणून ती वृत्तपत्रांवरच्या सेन्सॉरशिपपुरतीच ठेवावी. घरातली मतंही आड येतात. आणीबाणीच्या समर्थकांचं म्हणणंही नोंदवायलाच हवं.

मुलाखती घ्यायची आवड असेल तर आणीबाणी. वाणिज्य शाखा आणि मुदत थोडी असेल तर बँका.