क्यूइमू-आयएमजी: आभासी डिस्कमधून खऱ्या पार्टिशनवर
व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममधील डेबियन ही लिनक्स प्रणाली लॅपटॉपच्या मोकळ्या पार्टिशनांवर (डिस्कच्या स्वतंत्र भागांवर) हलवताना मी क्यूइमू-आयएमजी हे मोफत साधन वापरले आणि व्हीडीआय फाइलचे (व्हर्च्युअलबॉक्सच्या आभासी डिस्कचे) रॉ इमेजमध्ये (डिस्कच्या जशाच्या तशा प्रतीत) रूपांतर त्याने विनातक्रार करून दिले. प्रगतीचा आकडा पाहण्यासाठी मात्र -पी हा पर्याय आठवणीने द्यावा लागतो, हे खटकते.

खरी कसोटी त्यानंतर लागते. या इमेजमध्ये स्वतःचा पार्टिशन टेबल (विभागणीचा तक्ता) असल्यामुळे ती जशीच्या तशी एखाद्या पार्टिशनवर ओतून चालत नाही. लूप डिव्हाइसद्वारे (फाइल डिस्कसारखी वापरू देणाऱ्या सोयीने) आतली पार्टिशने उघडून फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने उतरवाव्या लागतात आणि प्रणाली सुरू करून देणारा ग्रब नव्याने बसवावा लागतो. एफएसटॅबमधील (सुरू होताना कोणती पार्टिशने जोडायची त्या यादीतील) होम पार्टिशनचा जुना यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलायला मी विसरलो, तेव्हा बूट ९० सेकंद ताटकळून थेट इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) गेले. अर्थात ही चूक माझी, साधनाची नव्हे.