नौपाड्यातील पटावरचे १८४८

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यापासून जवळच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या बोर्डगेम कॅफेत महिन्यातून एका रविवारी जो डाव मांडला जातो, त्याचा विषय एकच आहे: १८४८ मध्ये युरोपभर राजसत्तांविरुद्ध झालेल्या क्रांतींतून तेथील महासत्तांचे आपसांत युद्ध पेटले असते, तर? पाच खेळाडू, पाच सत्ता (फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया, रशिया, इंग्लंड) आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ. माणशी ४५० रुपयांत दोन चहा आणि बटाटेवड्याची एक प्लेट मिळते. खेळ विकत मिळत नाही. पट, सोंगट्या आणि पत्ते कॅफेच्या संचालकांनीच तयार केले आहेत आणि नियमपुस्तिका स्वच्छ मराठीत आहे.

डाव १ मार्च १८४८ रोजी सुरू होतो, म्हणजे पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा लुई फिलिप याने सिंहासन सोडून आठवडा होत आला आहे आणि व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटरनिख अजून पदावर आहे. अशा प्रकारच्या बहुतेक खेळांत युद्ध पुकारणे फारच स्वस्त असते. येथे ते महाग आहे आणि या खेळाचे खरे मोल त्यातच आहे. प्रत्येक सत्तेच्या राजधानीत ‘असंतोषा’ची एक पट्टी असून ती जितकी वर चढेल तितक्या पलटणी राजधानीतच अडकून पडतात. त्यामुळे फ्रान्सच्या खेळाडूला आल्प्स ओलांडून इटलीत उतरण्याचा मोह कितीही झाला, तरी पॅरिस रिकामे पडणार या भीतीने त्याचा हात आखडतो. ही भीती काल्पनिक नाही: त्याच वर्षी २३ ते २६ जून या चार दिवसांत फ्रेंच सेनापती काव्हेन्याकच्या सैन्याला पॅरिसच्याच रस्त्यांवर बंडखोर कामगारांशी लढावे लागले होते. फ्रान्सच्या नव्या सरकारचा परराष्ट्रमंत्री लामार्तीन याचा ४ मार्चचा जाहीरनामाही पत्त्याच्या रूपाने आहे. नेपोलियनच्या पराभवानंतरचे १८१५ चे तह फ्रान्सला कायद्याने मान्य नाहीत, पण त्यांनी आखलेल्या सीमा वस्तुस्थिती म्हणून मान्य आहेत, अशी ती दुहेरी भाषा होती. हा पत्ता टाकला की इंग्लंड शांत राहते, पण इटलीतील क्रांतिकारक फ्रान्सवर रुसतात.

माझ्या वाट्याला प्रशिया हे जर्मन राज्य आले. प्रशियाचा परराष्ट्रमंत्री आर्निम याने त्या मार्च महिन्यात खरोखरच असा विचार मांडला होता की, पोलंडच्या मुक्तीचा प्रश्न पुढे करून, फ्रान्सच्या साहाय्याने रशियाशी युद्ध करावे. राजा फ्रेडरिक विल्यम चौथा याने ते मानले नाही. झार निकोलस त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता. मी मात्र मानले. प्रशियाच्या ताब्यातील पोझनान पोलिश लोकांच्या हाती दिले, सैन्य पूर्वेला वळवले आणि फ्रान्सकडे पाहिले. फ्रान्सच्या जागी बसलेले, वाशीहून आलेले निवृत्त बँक अधिकारी चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाले, “पॅरिस मोकळे टाकून मी येणार नाही, तुमचे तुम्ही बघा.” १८४८ मध्ये युद्ध का झाले नाही, हे मला अनेक जाड ग्रंथांपेक्षा त्या एका वाक्याने अधिक नेमके कळले.

इटलीचा भागही उत्तम जमला आहे. मिलानमधील ऑस्ट्रियाविरुद्धच्या पाच दिवसांच्या उठावानंतर ८१ वर्षांचा ऑस्ट्रियन सेनापती राडेत्स्की मागे हटतो आणि व्हेरोना, मांतुआ, पेस्किएरा व लेन्यागो या चार किल्ल्यांच्या आडोशाला बसतो. गडकोटांच्या इतिहासावर वाढलेल्या मराठी माणसाला यातील डावपेच वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऑस्ट्रिया खेळणाऱ्या महाविद्यालयीन मुलीने जुलैपर्यंत तेथून हालण्यास ठाम नकार दिला आणि मग कुस्तोझाला पीडमाँट या उत्तर इटलीतील राज्याच्या राजाचा धुव्वा उडवला, अगदी इतिहासात उडाला तसा.

आता दोष. पहिला आणि सर्वांत मोठा दोष रशियाचा आहे. झारच्या सैन्याला या खेळात ना असंतोषाची अडचण, ना रसदीची. १८४९ मध्ये सेनापती पास्केविचच्या नेतृत्वाखाली सुमारे दोन लाख रशियन सैन्य ऑस्ट्रियाविरुद्ध उठलेल्या हंगेरीवर चालून गेले आणि १३ ऑगस्टला व्हिलागोश येथे हंगेरीचा सेनापती ग्योर्गेई याने शस्त्रे ठेवली, हे खरे. पण त्या मोहिमेत लढाईपेक्षा कितीतरी अधिक सैनिक रोगराईने, विशेषतः कॉलऱ्याने मेले, आणि पटावर कॉलऱ्याला जागाच नाही. परिणामी रशियाचा खेळाडू वॉर्सापासून बुडापर्यंत फेरफटका मारावा तसा फिरतो.

दुसरा दोष रेल्वेचा. पटावर एका पाळीत अख्खी फौज व्हिएन्नाहून प्रशियाकडील सिलेशियाच्या सीमेवर पोहोचते. प्रत्यक्षात १८५० मध्ये ऑस्ट्रियाला सुमारे ७५ हजार सैनिक रेल्वेने तिकडे न्यायला जवळपास चार आठवडे लागले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरची पहिली गाडी ज्या ठाण्यात आली, तेथील माणसांना तरी गाडी वेळेवर येईल असे गृहीत धरायला नको होते.

इंग्लंडचा खेळाडू दुपारनंतर कंटाळतो, कारण पट युरोपपुरताच आहे. १८४८ मध्येच डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि पंजाबात दुसरे शीख युद्धही पेटले. इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री पामरस्टन याच्या हाताशी किती सैन्य मोकळे होते हे ठरवण्यासाठी पटाच्या कडेला हिंदुस्थानचा एक चौकोन पुरेसा झाला असता.

जागा लहान आहे, पंखा एकच आहे आणि दुसरा चहा कोमट होता. संचालक मात्र नियमांबाबत दक्ष असून शंका विचारल्यास कंटाळत नाहीत. पुढच्या डावासाठी मी रशियाच्या जागेवर नाव नोंदवले आहे. कॉलऱ्याच्या सोंगट्या घरून कापून आणल्या तर चालतील, असे त्यांनी हसत सांगितले आहे.