शॉकअप बदलले म्हणाला, आतली स्प्रिंग कापली होती

माझी उंची पाच फूट एक इंच. क्रूझर मोटरसायकलची सीट मुळात खाली असते, म्हणून तीच घ्यायची असं ठरवलं होतं. घेतल्यावर कळलं की कागदावरची सीटची उंची अर्धंच सांगते. क्रूझरची सीट रुंद असते, मांड्या फाकतात आणि पायांची लांबी तिथेच संपते. थांबताना माझ्या एकाच पायाची बोटं टेकायची. अडीचशे किलोची गाडी बोटांवर तोलणं किती भीतीचं असतं, हे बुटक्या चालकांना वेगळं सांगायला नको.

गाड्या मॉडिफाय करणाऱ्या एकाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, बारा इंची शॉकअप काढतो, इम्पोर्टेड दहा इंची टाकतो. गाडी दोन इंच खाली येईल, सीटमध्ये जेल घालतो, गादीवर बसल्यासारखं वाटेल." मी सगळे पैसे आधीच दिले. त्याने माझं वजन विचारलं नाही, मागे कोणी बसतं का तेही नाही. शॉकअपची, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या भागाची, स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते, त्यामुळे जो वजन विचारत नाही तो स्प्रिंग निवडतच नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जुने शॉकअप मागितले तर "ते एक्स्चेंजमध्ये गेले" म्हणाला, आणि मी मान डोलावून निघाले.

पहिल्या दिवशी दोन्ही तळवे जमिनीला टेकले तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात बाकीचं दिसलंच नाही.

आठवड्याभरात पाठ बोलायला लागली. लहानशा खड्ड्यातही माकडहाडापासून मानेपर्यंत हिसका बसायचा, आणि मागून 'खट्' असा आवाज यायचा. फोन केला तर उत्तर आलं, "नवीन आहेत, सेट व्हायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा." मी चालवली. रात्री समोरचे लोक मला सारखे डिपर द्यायला लागले. गाडी फक्त मागून खाली गेल्यामुळे हेडलाइटचा झोत वर चढला होता. साइड स्टँड होता तेवढाच लांब राहिला होता, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळजवळ सरळच राहायची. एक दिवस जराशा उतारावर ती उजवीकडे कलंडली आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडला. मी शेजारीच उभी होते. पाय खाली सापडला नाही, एवढंच नशीब.

मग एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. त्यांनी फ्रेमखाली जॅक लावून मागचं चाक अधांतरी केलं आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप धरली. बारा इंच. "दहा इंची कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्प्रिंगला बोट लावलं, तर ती जागच्या जागी गरगर फिरली. धड शॉकअपची स्प्रिंग चाक लोंबकळत असतानाही दाबाखालीच असते, हाताने हलत नाही. वरचं क्रोमचं कव्हर काढलं तेव्हा स्प्रिंगचं टोक दिसलं: ग्राइंडरने तिरकं कापलेलं, कडेला धारदार कूस, त्यावर घाईत मारलेला काळा स्प्रे. तिरक्या टोकामुळे शॉकअपच्या आतला दांडा एका बाजूला ढकलला जात होता, तेल अडवणारं सील गेलं होतं आणि दांडा तेलाने ओला झाला होता. शॉकअप माझेच होते, आणि त्यांचे पैसे मी दुसऱ्यांदा भरले होते.

कापल्यावर नेमकं काय होतं, ते काकांनी समजावलं. स्प्रिंगच्या दहा वेटोळ्यांतली दोन कापली की उरलेली आठ मऊ होत नाहीत, उलट २५ टक्के कडक होतात. शिवाय माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला सगळे मिळून साडेतीन इंच. मी बसले की त्यातला एक इंच जातो, कापण्याने आणखी दोन गेले. उरलेल्या अर्ध्या इंचात खड्डा कसा मावणार? म्हणून गाडी कडकही लागते आणि दणकन तळालाही आदळते.

सीटचं कव्हर मी स्वतः उचकटलं. जेल नव्हतं. मूळ फोम वरून सपाट तासला होता आणि उंचवटे झाकायला पॅकिंगच्या थर्माकोलसारख्या फोमची पातळ पट्टी चिकटवली होती. अंगठा दाबला की थेट खालचं प्लॅस्टिक लागायचं.

त्या मॉडिफायवाल्याकडे परत गेले तेव्हा तो म्हणाला, "कंपनीतूनच अशी येते." बिलावर फक्त 'लोअरिंग व सीट काम' एवढंच लिहिलेलं होतं. शॉकअपची लांबी नाही, ब्रँड नाही, पार्ट नंबर नाही. माझ्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं.

तुम्ही गाडी खाली घेणार असाल तर काम सुरू होण्याआधी बोल्ट ते बोल्ट माप स्वतः घ्या, चाक अधांतरी ठेवून, आणि टेपसकट फोटो काढा. शॉकअप खोक्यातून तुमच्यासमोर निघू द्या. जुने भाग, ते भंगारात टाकायचे असले तरी, पिशवीत घालून घरी आणा. ते परत द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून गाडी तशीच उचला.

काकांनी काम वेगळ्या रीतीने केलं. आधी सीट घेतली: उंची फारशी न घटवता पुढच्या टोकाकडून दोन्ही बाजूंनी अरुंद केली, आणि बैठकीखाली दाट फोम जाडच ठेवला. नुसत्या तेवढ्याने पाय जवळजवळ अर्धा इंच खाली पोहोचले. मग माझ्या वजनाच्या स्प्रिंगचे अकरा इंची शॉकअप आणले. बसवण्याआधी स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर उचललं आणि टायर मडगार्डला लागत नाही ना, ते पाहिलं. आखूड शॉकअपमध्ये हा धोका असतो. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, क्लॅम्पमधून वर सरकवून पुढची बाजूही तेवढ्याच प्रमाणात खाली आणली, हेडलाइट नव्याने लावला, साइड स्टँड आखूड करून घेतला.

दोन इंच काही मिळाले नाहीत. "त्याहून खाली गेलीस तर वळणावर फूटपेग, म्हणजे पाय ठेवायचा दांडा, रस्त्याला घासेल," काका म्हणाले. आता टाचा दोन बोटं वर राहतात, पण दोन्ही चवडे पक्के टेकतात. काकांच्या बिलावर शॉकअपची लांबी आहे, स्प्रिंगचा नंबर आहे आणि शेजारी पेनाने लिहिलेलं माझं वजन.