वेंगेनचे घर आणि आमचे २,२९० युरो

आम्ही दक्षिण जर्मनीत राहतो. फेब्रुवारीतील फाशिंगच्या (कार्निव्हल सणाच्या) शालेय सुट्टीत मुलांना स्कीइंग शिकवावे आणि सांगलीहून आलेल्या सासू-सासऱ्यांना बर्फ दाखवावा, म्हणून स्वित्झर्लंडमधील वेंगेन गावात सात रात्रींसाठी घर ठरवले. संकेतस्थळावर भाडे २,१०० युरो होते, परंतु थेट बँकेत पैसे भरल्यास दहा टक्के सूट देतो, असे मालक म्हणवणाऱ्याने कळवले. भाडे १,८९० आणि अनामत ४००, असे २,२९० युरो मी त्याच रात्री भरले. मी निष्काळजीपणा केला नाही. भाडेकरार मागितला, ओळखपत्राची प्रत मागितली, आणि दोन्ही आले. शाळांच्या सुट्टीत तिथे घर मिळणे किती अवघड असते, हे जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

पण एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. जाहिरातीतील घरासमोर लाल मोटार उभी होती आणि खाली ‘दारात मोफत पार्किंग’ असे लिहिले होते. वेंगेनला मोटारीचा रस्ताच नाही. गाडी खाली लाउटरब्रुनेनला ठेवून दातेरी रुळांच्या रेल्वेने वर जावे लागते. हे मला माहीत होते, कारण त्याच संध्याकाळी मी लाउटरब्रुनेनच्या पार्किंगचे दर पाहत होते. दोन्ही पाने पडद्यावर शेजारीशेजारी उघडी होती, आणि तरीही मला ते दिसले नाही. खाते क्रमांकही ‘एलटी’ने, म्हणजे लिथुआनियाने, सुरू होत होता. स्विस खाते ‘सीएच’ने सुरू होते, एवढे तरी पैसे भरण्यापूर्वी पाहाच.

वेंगेनला पोहोचलो, तर दिलेल्या पत्त्यातील रस्त्यावर त्या क्रमांकाचे घरच नव्हते. सासूबाई दोन शाली गुंडाळून स्टेशनच्या बाकावर दीड तास बसून होत्या आणि एका शब्दानेही मला बोलल्या नाहीत, याचीच जास्त लाज वाटली. रात्रीपुरत्या दोन खोल्यांचे ४३० फ्रँक गेले ते वेगळेच.

त्यानंतरचा अनुभव अधिक संतापजनक होता. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्हीच मंजूर केला, पैसे पोहोचले, आता परत मागवता येणार नाहीत. संकेतस्थळाने, व्यवहार आमच्याबाहेर झाला, असे म्हणून हात झटकले. म्हणून सांगते, सूट कितीही मिळो, संकेतस्थळाबाहेर पैसे देऊ नका. आमच्या शहरातील पोलिसांनी घर स्वित्झर्लंडमधले आणि खाते लिथुआनियातले म्हणून आधी तक्रारच घेण्यास टाळाटाळ केली, मग अकरा पानी अर्ज भरून घेतला, आणि चार महिन्यांनी आरोपी अज्ञात असल्याने तपास बंद केल्याचे दोन ओळींचे पत्र पाठवले. त्या खात्याची चौकशी कोणी केली का, या माझ्या प्रश्नाला आजवर उत्तर नाही. गावाच्या पर्यटन कार्यालयातील बाईंनी मात्र पत्ता पाहताच दोन मिनिटांत सत्य सांगितले. तो एक फोन मी आधी करायला हवा होता, तुम्ही तो नक्की करा.

गेल्या आठवड्यात तेच फोटो जवळच्या ग्रिंडेलवाल्ड गावाच्या नावाने पुन्हा दिसले, भाडे १,९५० युरो. तिथे मोटारी जातात, त्यामुळे ती लाल गाडी आता कोणालाही खटकणार नाही.