झिरो-टर्न, लॉन ट्रॅक्टर की छोटा ट्रॅक्टर? सोलापूरच्या मोठ्या आवारासाठी

विजापूर रोड, होटगी रोड, तुळजापूर रोड, कुठूनही शहराबाहेर पडा, एकर-दोन एकरांची आवारं लागतातच. कुठे मंगल कार्यालयाचं लॉन, कुठे शाळेचं मैदान, कुठे डाळिंबाच्या बागेला लागून बांधलेलं फार्महाऊस. तिथलं गवत आजवर गडी ब्रश कटरने कापत आला. आता गडी सहज मिळत नाही, मिळाला तरी ऐन पावसाळ्यात खुरपणीला निघून जातो. मग मालक मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. मशीनवर बसलेला माणूस झाडाभोवती गर्रकन वळतो आणि तासाभरात सगळं आवार साफ करून मोकळा होतो. हे मशीन म्हणजे झिरो-टर्न मूव्हर.

ते घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो: तुमच्या आवारात नक्की काय उगवतं, आणि वर्षातले किती महिने?

आधी लॉन किती ते मोजा

दोन एकर आवार म्हणजे दोन एकर लॉन नव्हे. त्यातलं पाणी पाजून वाढवलेलं गवत किती, आणि पावसावर आपोआप येणारा माळ किती, हे वेगवेगळं मोजा. आपल्याकडचा पाऊस बेभरवशाचा, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. एप्रिल-मे महिन्यांत एक एकर लॉनला रोज नुसतं ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी २० हजार लिटर लागतं. म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर, रोज. बोअर एवढं देणार आहे का? नसेल देणार, तर मार्चनंतर तुमचं लॉन वाळणार आणि लाखो रुपयांचं मशीन शेडमध्ये उभं राहणार. तेव्हा लॉन तीस गुंठ्यांवर आणा, बाकीच्या जागेत कडुलिंब, चिंच, आंबा लावा. मशीन निवडण्याआधी हा निर्णय घेतला तर पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

लॉन म्हणजे हरळी, सिलेक्शन वन किंवा तसलंच बसकं गवत, जे पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं. माळ म्हणजे गुडघ्याएवढं वाढलेलं कुसळी गवत, गाजरगवत, मधूनच बाभळीची रोपं आणि दगड. बसून चालवायचं कुठलंही लॉन मूव्हर या दुसऱ्या जागेसाठी नाही, झिरो-टर्न तर नाहीच.

झिरो-टर्न चालतं कसं

याला स्टिअरिंग नसतं. मांडीसमोर दोन दांडे असतात, डावा डाव्या मागच्या चाकाचा, उजवा उजव्या. प्रत्येक चाकाला स्वतःचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, पंप आणि मोटर. एक दांडा पुढे आणि एक मागे केला की मशीन जागच्या जागी फिरतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी मोकळी फिरतात, ती वळवायचं काम करत नाहीत. चांगलं आणि वाईट, दोन्ही इथूनच येतं.

चांगलं म्हणजे वेग. हिशोब गुंठ्यांत मांडतो, आपल्याला तोच सवयीचा. ढकलत चालवायचं २१ इंची मशीन (म्हणजे एका फेरीत २१ इंच रुंद पट्टा कापणारं) तासाला १७ गुंठ्यांच्या आसपास कापतं. ४२ इंची लॉन ट्रॅक्टर, म्हणजे बसून चालवायचं स्टिअरिंगवालं मशीन, साधारण ४५ ते ५० गुंठे. तेवढ्याच रुंदीचं झिरो-टर्न ७५ गुंठ्यांपर्यंत जातं, ५४ इंची असेल तर एकर मोकळ्या जागेला अर्ध्या तासापेक्षा कमी लागतो. हे सगळं वळणं धरून, सपाट जागेवर. दोन एकर लॉन असेल तर ढकलायच्या मशीनने जवळपास पाच तास, लॉन ट्रॅक्टरने पावणेदोन, झिरो-टर्नने तासभर. मोकळ्या मैदानात शेवटच्या दोघांतला फरक फार वाटणार नाही. पण लॉनमध्ये वीस-पंचवीस झाडं, कारंजं, दिव्याचे खांब, फुलांचे वाफे असतील तर लॉन ट्रॅक्टर पुढे-मागे करण्यातच दमतो, आणि खोडांभोवती राहिलेलं गवत ब्रश कटरने पुन्हा कापावं लागतं. अशा जागी झिरो-टर्नला तोड नाही. अमेरिकेत लॉनची कामं घेणाऱ्या ठेकेदारांनी हे मशीन उचललं ते याचसाठी. त्यांची कमाई दिवसात किती आवारं उरकली यावर असते.

आता वाईट बाजू. ती सविस्तर सांगतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

पुढची चाकं मोकळी असल्याने उतारावर मशीनची दिशा फक्त मागच्या दोन चाकांच्या पकडीवर टिकते. ती पकड ओल्या गवतावर सुटली की मशीन वळतही नाही आणि थांबतही नाही. कंपन्या उताराची कमाल मर्यादा साधारण १५ अंश देतात, म्हणजे दहा फुटांत पावणेतीन फूट चढ. मी तर १० अंशांवरच थांबा म्हणेन, म्हणजे दहा फुटांत पावणेदोन फूट. आपली जमीन बहुतेक ठिकाणी सपाट आहे, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला लागू नाही असं वाटतं. पण फार्महाऊसला शेततळं असतं. त्याचा भराव चांगलाच उभा असतो आणि त्यावर हरळी छान माजते. त्या भरावावर झिरो-टर्न चढवू नका. काठापासून दोन-तीन मशीन-रुंदी आत राहा आणि कडेचं गवत ब्रश कटरने काढा. बिनकठड्याची विहीर असेल तर तिथेही हेच. मशीनला रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) असेल तर तो उभा ठेवून सीटचा पट्टा बांधायचा. बार पाडलेला असेल तर पट्टा बांधायचा नाही, नाहीतर मशीन उलटल्यावर माणूस खाली अडकतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. घरगुती झिरो-टर्नचं वजन अडीचशे-तीनशे किलो असतं, धंद्याच्या मशीनचं त्याहून बरंच जास्त. पावसानंतर काळी माती मऊ असताना जागच्या जागी वळलात तर आतलं चाक गवत मुळासकट पिळून काढतं, आणि आठवड्याने तिथे गोल टक्कल दिसतं. दोन्ही चाकं थोडी फिरती ठेवून, एकदा मागे घेऊन वळायची सवय चालवणाऱ्याला लावावी लागते. मुरमावर माती टाकून केलेल्या लॉनला हा त्रास कमी, निव्वळ काळ्या रानात केलेल्या लॉनला जास्त. सप्टेंबरात सलग झड लागली तर चार दिवस मशीन बाहेर काढूच नये. मग गवत वाढून बसतं. ते एका दमात बुडापर्यंत न कापता दोन फेऱ्यांत उतरवा, कारण एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापलं तर हरळीसुद्धा पिवळी पडते. आपल्या उन्हात दोन इंच उंची ठेवलेली बरी.

लॉन ट्रॅक्टर: याला कमी लेखू नका

लॉन ट्रॅक्टरला स्टिअरिंग असतं, पुढची चाकं खरोखर वळतात, इंजिन पुढे असतं. मोटारसायकल-ट्रॅक्टर चालवणारा कुठलाही माणूस तासाभरात शिकतो. झिरो-टर्नचे दांडे हाताला बसायला काही दिवस लागतात, आणि तोवर कुंपण, रोपं, पायऱ्या सगळ्यांना धोका. तुमच्याकडे चालवणारा माणूस दर हंगामात बदलत असेल तर हा एकच मुद्दा निकाल लावायला पुरेसा आहे.

शिवाय लॉन ट्रॅक्टरच्या मागे छोटी ट्रॉली जोडून शेणखत, पालापाचोळा, कुंड्या ओढता येतात, लॉनवर रोलर फिरवता येतो. झिरो-टर्नला फार ओढायला लावलं तर त्याचे पंप तापतात. किमतीतही अंतर आहे. अमेरिकेत ४२ इंची घरगुती झिरो-टर्न साधारण ३ ते ४ हजार डॉलरला, तर लॉन ट्रॅक्टर २ ते ३ हजारांना मिळतो. आपल्यापर्यंत येताना दोन्हींवर वाहतूक, आयातशुल्क, जीएसटी चढतं, त्यामुळे तिथला आकडा नुसता रुपयांत करून बजेट ठरवू नका. दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन घ्या.

उघडं, चौकोनी, कमी झाडांचं मैदान असलेल्या शाळेला मी डोळे झाकून लॉन ट्रॅक्टर सुचवेन. क्रिकेटच्या पिचचं काम मात्र यातल्या कुठल्याच मशीनचं नाही. त्याला सिलिंडरसारखी फिरणारी पाती असलेलं रील मूव्हर वेगळं लागतं.

छोटा ट्रॅक्टर आणि स्लॅशर

आपल्या जिल्ह्यात हा पर्याय अनेकांच्या दारातच उभा असतो. द्राक्ष आणि डाळिंबाच्या ओळींत चालणारे २०-२५ एचपीचे अरुंद ट्रॅक्टर: महिंद्रा जीवो, कुबोटा निओस्टार, आणखी कितीतरी. त्याच्या पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) स्लॅशर, म्हणजे जाड गवत तोडणारं फिरत्या पात्यांचं अवजार, जोडला की माळावरचं गुडघाभर गवत, गाजरगवत, कोवळं झुडूप सगळं आडवं होतं. डिझेलवर चालतो, मिस्त्री गावात असतो, सुटे भाग बार्शी, पंढरपूर, मोहोळ कुठेही मिळतात. उरलेले दिवस तोच फवारणी आणि रोटर मारतो.

पण लॉनवर तो नको. वजन सहाशे किलोंच्या पुढे, टायरला शेतीचे दात, आणि स्लॅशर गवत छाटत नाही तर तोडतो, त्यामुळे टोकं फाटून पांढरी दिसतात. लग्नाच्या फोटोत ते लगेच कळतं. ट्रॅक्टर आधीच असेल आणि लॉन तीस गुंठ्यांच्या आत असेल, तर माळाला स्लॅशर आणि लॉनला मागे चालत चालवायचं, पण चाकं इंजिनवर फिरणारं मशीन, ही जोडी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते फार्महाऊसवाल्या बहुतेकांसाठी सगळ्यात शहाणी.

पेट्रोल, धूळ आणि मंडपवाले

झिरो-टर्नचं वीस-बावीस एचपीचं इंजिन तासाला ४ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. खर्चापेक्षा मला पेट्रोलच्या प्रकाराची काळजी जास्त वाटते. अशा इंजिनांच्या पुस्तिकेत सहसा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलने उसाला आधार दिलाय हे खरंच, पण महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मशीनच्या कार्बोरेटरला ते मानवत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, रबरी नळ्या आणि गास्केट खराब करतं. २० टक्के मिश्रण चालेल असं विक्रेत्याकडून लेखी घ्या. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

धुळीचं सोपं आहे: एअर फिल्टर पुस्तिकेत सांगितलंय त्याच्या दुप्पट वेळा बघा, आणि पंपांवरचे पंखे व इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या साफ ठेवा. मे महिन्यात काम सकाळी नऊच्या आत उरका, माणसासाठीही आणि हायड्रॉलिक तेलासाठीही.

मंगल कार्यालयवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मंडपवाले गेल्यावर लॉनमध्ये खुंट्या, बाइंडिंग वायर, रोषणाईच्या तारांचे तुकडे, हारांच्या सुया राहतात. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असतं. त्यात सापडलेली खुंटी गोळीसारखी उडते. मशीन सुरू करण्याआधी दोन माणसांनी लॉन चालून वेचलंच पाहिजे, आणि कापताना आवारात पोरं नकोत. सीटखाली एक स्विच असतो, माणूस उठला की पाती बंद करणारा. तो कुरकुरतो म्हणून मिस्त्री डायरेक्ट करून देतो म्हणेल. करू देऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

दीड एकराहून जास्त खरं लॉन, बारमाही पाणी, सपाट जागा, भरपूर झाडं-खांब आणि एकच कायमचा चालवणारा: झिरो-टर्न घ्या, समाधान मिळेल. ४२ किंवा ४८ इंची पुरतं. मोठं डेक (पाती झाकणारं खालचं कवच) घेण्याआधी फाटकाची रुंदी आणि दोन झाडांमधलं अंतर टेपने मोजा. डेक दाबून काढलेल्या पत्र्याचं आहे की जाड प्लेट वेल्ड करून केलेलं, हेही बघा. आपल्या दगडगोट्यांत वेल्डचं डेक टिकतं. लॉन तेवढंच पण मोकळं, किंवा चालवणारे बदलते: लॉन ट्रॅक्टर. एकराच्या आत: ढकलायचं मशीन आणि एक चांगला फोर-स्ट्रोक ब्रश कटर. निव्वळ माळ: स्लॅशर, आणि ट्रॅक्टर नसेल तर वर्षातून दोनदा भाड्याने.

झिरो-टर्नच ठरलं असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. डेकचा बेल्ट, पात्यांचा जोड आणि स्पिंडलचं (पाती ज्यावर फिरतात त्या दांड्याचं) बेअरिंग पुण्यात किंवा सोलापुरात आज शेल्फवर आहे का? चाकांच्या पंपातलं तेल बदलता येतं की ते सीलबंद आहेत? कित्येक घरगुती मॉडेलांत ती सोयच नसते. मिस्त्री सोलापूरला येईल का, आणि आला तर त्याचा खर्च कोणाचा? आणि मशीन तुमच्याच लॉनवर, तुमच्याच माणसाच्या हाती, पाऊस पडून गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी चालवून दाखवतील का? या शेवटच्या प्रश्नाला जो विक्रेता नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. हो म्हणाला तर बेल्टचे दोन आणि पात्यांचे दोन जोड त्याच बिलात घालून घ्या.