उवांसाठी स्टीलची फणी: औषधाच्या बाटलीआधी ही घ्या

मी शाळकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे. एका खोलीत पाच-सहा मुली राहतात, एकाच उशीवर डोकी टेकून गप्पा मारतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. अशा ठिकाणी उवा होणारच, आणि होतात. त्यामुळे उवांवर बाजारात जे जे मिळतं त्यातलं बरंचसं मी वापरून पाहिलं आहे: लोशन, शांपू, तेलं, विजेवर चालणारी फणी, बाटलीबरोबर फुकट येणारी प्लास्टिकची फणी. यातली एकच वस्तू मी पुन्हा पुन्हा विकत घेते, ती म्हणजे लांब दातांची स्टीलची फणी. हा रिव्ह्यू तिचा.

फणीचे दात चार सेंटिमीटरच्या आसपास लांब, गोल आणि टोकाला बोथट केलेले आहेत, म्हणजे टाळूला ओरखडा येत नाही. प्रत्येक दातावर वरपासून खालपर्यंत मळसूत्री खाच आहे. मूठ जाड रबराची असल्यामुळे कंडिशनरने माखलेल्या हातातूनही सुटत नाही. पण विकत घेताना खाच आणि मूठ नंतर बघा, आधी दातांमधली फट बघा. लीख साधारण ०.८ मिलिमीटर लांब आणि ०.३ मिलिमीटर रुंद असते. फट ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठ्या उवा निघतील, लिखा मागे राहतील. फणी उजेडासमोर धरा, सगळ्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. मग दातांवरून नख ओढा. एकही दात बाजूला कलला तर ती फणी नको.

प्लास्टिकची फणी नेमकी इथे नापास होते. दाट केसांत घातली की दात फाकतात, आणि त्या फटीतून ऊ आरामात निसटते. एका लोशनबरोबर आलेल्या फणीचे दात तर पहिल्या डोक्यावरच तुटले. उवेच्या सहाही पायांना केस पकडायला आकडे असतात, आणि लीख ती केसाला अशा पक्क्या चिकट पदार्थाने डकवते की साध्या धुण्याने ती सुटत नाही. ती केसावरून ओढूनच काढावी लागते, आणि ओढायला कडक दात लागतात.

वापरायची पद्धत सांगते, कारण फणीचं अर्धं काम पद्धत करते. केस धुवा, ओलेच ठेवा आणि हात आखडता न घेता कंडिशनर लावा. बुळबुळीत ओल्या केसांत ऊ काही वेळ जागची हलत नाही आणि फणीही अडकत नाही. आधी साध्या रुंद कंगव्याने सगळा गुंता काढा. मग केसांचे चार भाग करून चिमटे लावा आणि एकेका भागातून फणीपेक्षा अरुंद बट घ्या. फणी अगदी टाळूला टेकवून सुरुवात करा आणि टोकापर्यंत एका ओढीत न्या. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या टिश्यूवर पुसा. हे पुसणं कोणी टाळू नये, कारण काय निघतंय ते तिथेच कळतं. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, करडी-तपकिरी. नुकतं बाहेर आलेलं पिलू इतकं फिकट आणि लहान असतं की चष्मा लावून उजेडात बघावं लागतं. पांढऱ्या फेसात पाय हलताना दिसले की समजायचं, हातातली बट अजून संपलेली नाही. तीच बट पुन्हा, या वेळी खालच्या बाजूने.

आमच्याकडे एक मुलगी आली होती. कमरेखाली पोहोचणारे, अतिशय दाट केस. मी फणी हातात घेतली तर रडायलाच लागली, म्हणाली, “ताई, सगळे कापून टाका, म्हणजे कोणाला कळणार नाही.” कोणीतरी तिला सांगितलं होतं की घाणेरड्या मुलींच्याच डोक्यात उवा होतात. तसं अजिबात नसतं. उवेला फक्त टाळू आणि केस लागतात, स्वच्छ धुतलेले केसही तिला चालतात. ती उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत पलीकडे जाते. आणि डोक्यातल्या उवांमुळे कुठला रोगही पसरत नाही. हे मी तिला सांगत राहिले आणि विंचरत राहिले. दोन बैठकींत विभागून काम केलं, कारण इतक्या केसांना एका बैठकीत न्याय देता येत नाही. तिचे केस आजही कमरेखाली आहेत.

आता औषधाबद्दल, कारण “मग लोशन घ्यायचंच नाही का?” हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. घ्या, पण फणीसकट घ्या. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते १ टक्का पर्मेथ्रिन. ते जिवंत उवा मारतं, लिखा मारत नाही. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवसाच्या सुमारास ते पुन्हा लावावं लागतं. बाटली अर्धवट वापरून “उवा गेल्या” म्हणणाऱ्यांच्या डोक्यात महिन्याभरात पुन्हा उवा दिसतात त्या यामुळेच. दुसरी गोष्ट, पर्मेथ्रिन लावायच्या आधी कंडिशनर लावू नका. केसांवर थर बसतो आणि औषध पोहोचत नाही. कंडिशनरची फणी वेगळ्या दिवशी. शिवाय बऱ्याच देशांत उवा या औषधाला सरावल्या आहेत. डायमेथिकोन नावाचं सिलिकॉन तेल मिळत असेल तर मला ते जास्त पटतं, कारण ते विषाने नाही तर उवेवर थर देऊन, तिची श्वासाची छिद्रं बंद करून काम करतं. मात्र त्यातली काही तेलं पेट घेऊ शकतात. केस वाळेपर्यंत गॅस, मेणबत्ती, हेअर ड्रायर यांच्यापासून लांब राहा. तान्ह्या बाळाला किंवा गरोदर बाईला कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. फणीला ही अट नाही, हा तिचा फार मोठा गुण.

फणीच्या बाजूने बोलताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये यावर दोन गाजलेल्या चाचण्या झाल्या. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या लोशनने ७८ टक्के मुलं उवामुक्त झाली, ओल्या केसांत फणी फिरवून ३८ टक्के. २००५ साली बीएमजे या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकातल्या चाचणीत उलटं झालं. सुधारलेल्या फणीच्या संचाने ५७ टक्के, दुकानात मिळणाऱ्या औषधांनी १३ टक्के. मी यातून एवढंच घेतलं की औषध किती चालेल ते त्या भागातल्या उवा त्याला किती सरावल्यात यावर असतं, आणि फणी किती चालेल ते फणी कशी आहे आणि धरणारा हात किती चिकाटीचा आहे यावर. चिकाटी नसेल तर ही फणी घेऊन उपयोग नाही, हे मी स्पष्ट सांगते.

चिकाटी म्हणजे किती, तर दिवस पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा. यामागे हिशोब आहे. आज निघाली नाही ती लीख सात ते दहा दिवसांत फुटेल, आणि त्यातलं पिलू अंडी घालण्याएवढं व्हायला आणखी नऊ-दहा दिवस तरी लागतात. मधल्या फेऱ्यांत ते फणीत सापडलं की साखळी तुटली. शेवटच्या फेरीत एकही जिवंत ऊ दिसली तर पुन्हा पहिल्यापासून. टाळूपासून सेंटिमीटरभराहून लांब दिसणारी पांढरी लीख बहुतेक वेळा रिकामं टरफल असतं, तिच्यासाठी पोरीला पुन्हा औषध चोपडू नका. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही, एवढी खूण लक्षात ठेवा. घरातल्या सगळ्यांची डोकी मात्र एकाच दिवशी तपासा. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून “मला खाजत नाही” हे उत्तर मी मान्य करत नाही.

गादीवर, सोफ्यावर कीटकनाशक फवारायची गरज नाही. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले की पुरे. आणि रॉकेल तर डोक्याला लावूच नका. भाजण्याचा धोका असतो, टाळूची आग होते, आणि पोटात गेलं तर जिवावर बेततं.

फणी हे फार जुनं अवजार आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथल्या उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली. तिच्यावर कोरलेली अक्षरं २०२१ साली लक्षात आली: हा सुळा केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची वस्तू, एका बाजूला गुंता काढायचे मोजके जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी बारीक दात. आधी गुंता, मग उवा, हा क्रम तेव्हाही होता याचा मला मनापासून आनंद झाला.

आता खोड्या. दात आणि मूठ जुळतात त्या जागी कंडिशनर आणि केस अडकून बसतात. वापरून झाल्यावर जुन्या टूथब्रशने घासून फणी दहा मिनिटं कडक गरम पाण्यात ठेवावी लागते. खूप वापरल्यावर कडेचे दात सैल होतात, मग नवीन घ्यावी. घट्ट कुरळ्या केसांत ती खरोखर ओढते. तिथे बट अजून बारीक घ्या, कंडिशनर दुप्पट लावा आणि मुळाशी एका हाताने केस धरून ठेवा, म्हणजे टाळूला हिसका बसत नाही. विजेवरची फणी मी बाजूला ठेवली. ती कोरड्या केसांतच चालते, लिखांचं काही करत नाही, आणि फिट येणाऱ्या किंवा पेसमेकर बसवलेल्या माणसाला ती चालत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मुठीजवळच्या त्या सांध्याचा कापला. एकच घेणार असाल तर स्टीलचीच घ्या, आणि घरात दोन लांब केसवाल्या असतील तर दोन घ्या, म्हणजे एकीचं डोकं होईपर्यंत दुसरीची फणी गरम पाण्यात राहील.